कोल्ह्याच्या पिल्लाचा बोगस भाग

माझ्या भावाची पोरगी कार्टून पाहायला बसली की मी तिच्या शेजारी बसते आणि तोंड सोडते. मला राहवतच नाही. काय ती कार्टूनं, बाप्पा! मघाशी तळ्यात पडलेला ससा पुढच्या क्षणाला कोरडा ठणठणीत. वीस मिनिटांच्या गोष्टीत दहा मिनिटं नुसती पळापळ, आणि शेवटी सगळे मिळून हसतात. कशाला हसतात? कोणी काय विनोद केला? लिहिणाऱ्याला शेवट सुचला नाही की तो सगळ्यांना हसायला लावतो, हे माझं पक्कं मत आहे. पोरगी वैतागते. "आत्या, नाही आवडत तर बघू नको ना," म्हणते आणि रिमोट उचलते. तेव्हा मात्र मी तिचा हात धरते. भाग कितीही बोगस असो, शेवटची अक्षरं सरकून पडदा काळा होईपर्यंत मी टीव्ही बंद करू देत नाही. घरात यावरून माझी थट्टा होते. भावजय म्हणते, "ताईंना भाजी आवडत नाही, पण ताट चाटूनपुसून लागतं." भाऊ खुर्चीत पेपर वाचत असतो. तो पान उलटतो.

बोगस हा शब्द मी वर्ध्याजवळच्या देवळीत शिकले, लहानपणी. आम्ही ज्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो, त्यांचं खताबियाण्याचं दुकान होतं. न उगवणारं बियाणं ते बोगस. मग त्या घरात तो शब्द इतका रुळला की पाऊस बोगस, चहा बोगस, लेकीला पाहायला आलेला नवरदेवही बोगस. मी अकरा वर्षांची होते. मला तो शब्द फार आवडला, आणि मी तो कार्टूनला लावला.

आमच्या आळीत टीव्ही त्यांच्याकडेच. काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, पेटीला सरकती दारं, वर क्रोशाचा रुमाल. माळवदावर बांबूला बांधलेला अँटेना. त्यावर कावळा बसला की चित्र थरथरायचं, आणि नाही बसला तरी पडद्यावर मुंग्या असायच्याच. दर रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस पोट्टे त्या ओसरीवर जमायचो. पण फुकट नाही हं. घरमालकीण काकूंचा नियम होता, जो पाहील तो हात चालवील. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा सोलायच्या, पावसाळ्यात लसूण, आणि होळीच्या आसपास चिंचा. प्रत्येकासमोर चिंचेचा ढीग. टरफल काढायचं, शिरा काढायच्या, चिंचोके एका डब्यात, गर दुसऱ्या परातीत. काकू मागं पाटावर बसून नजर ठेवायच्या. "हात चालवा, तोंड नोका चालवू!" एखाद्यानं गर तोंडात टाकला की पाठीत धपाटा. त्यामुळे आम्ही सगळे अर्धं कार्टून पाहायचो आणि अर्धी चिंच. मान वर, मान खाली.

काकूंचं आणखी एक खूळ होतं. टीव्ही तापतो, आणि तापला की फुटतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्या मधूनमधून उठायच्या आणि पोराचा ताप पाहावा तसा पेटीच्या पाठीला हात लावून पाहायच्या. जाहिराती लागल्या की खट्ट बंद. "थंडा होऊ द्या त्याले." आणि पुन्हा लावेपर्यंत गोष्ट दोन पावलं पुढं गेलेली असायची. कोणाची बोलायची छाती नव्हती.

त्या वर्षी एक परदेशी मालिका लागायची, हिंदीतून. कोल्ह्याचं एक पिल्लू, त्याचा डावा कान फाटका. पुरात त्याची आणि आईची ताटातूट झालेली. एक म्हातारं कासव त्याला नावेत घेतं आणि दोघं नदीनं आईला शोधत निघतात. दर रविवारी एक नवा घाट. तिथं काहीतरी घडायचं, आई मिळायची नाही, आणि कासव म्हणायचं, "आगे चलो." तेवढंच. कासव फार बोलायचं नाही, आणि म्हणूनच ते आम्हाला आवडायचं.

मालिका चांगली होती, पण बनवणाऱ्यांनी मधूनमधून माती खाल्लीच. एका भागात मगरी नाचल्या. पंधरा मिनिटं मगरी नाचतायत आणि पिल्लू टाळ्या वाजवतंय. अरे, तुझी आई हरवली आहे ना? एका भागात पिल्लाला आई मिळाली, आम्ही चिंचा सोडून उभे राहिलो, आणि मग कळलं की ते स्वप्न होतं. स्वप्न! असा संताप आला होता. स्वप्नच दाखवायचं होतं तर आधी सांगायचं, आम्ही घरीच झोपून राहिलो असतो. मी ओसरीवरच्या पोट्ट्यांना प्रत्येक भागानंतर निकाल द्यायचे. "आजचा बोगस." "आजचा बरा होता, पन माकडाचं कायले घातलं मधात?" आणि पोट्टे माना डोलवायचे. आमची आई म्हणायची, "उचलली जीभ, लावली टाळ्याले." पण मला माझ्या जिभेचा अभिमान होता.

माझा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा. माघ महिन्यात तो गाभुळलेल्या चिंचेसाठी झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. मांडीचं हाड मोडलं. वर्ध्याच्या दवाखान्यात नेऊन कमरेपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं, आणि घरी आणून बाजेवर ठेवलं. टीव्ही समोरच्याच ओसरीवर, वीस पावलांवर, पण काकूंनी त्याला तिथं आणायला मनाई केली. "कोनाचा धक्का लागला तं माह्यावर येईन." तेव्हा मी कार्टून पाहायचं आणि घरी येऊन त्याला सांगायचं, असं ठरलं.

मी सांगायचे फर्मास. नाव वल्हवून दाखवायचे, कासवाचा आवाज काढायचे. पण तो नुसता ऐकणारा नव्हता. बाजेवर पडून त्याला दुसरं काम नव्हतं, तो एकेक गोष्ट खोदून विचारायचा. पाणी कोणीकडून वाहत होतं? कासवाच्या पाठीवर चिखल होता का? आणि दर वेळी एक प्रश्न ठरलेला, "मांगं काय होतं?"

"कोनाच्या मांगं?"

"पिल्लाच्या मांगं. नावेच्या मांगं."

"मांगं काई नोतं. गवत होतं."

"रोज गवतच?"

"नदीकाठी गवत नाई तं काय तुहा मामा उभा राहीन?" मी खेकसायचे. मागचं गवत पाहायला मला वेळ कुठं होता? हातात चिंच होती.

होळी झाली. प्लास्टर काढायचा सोमवार ठरला. डॉक्टर म्हणाले होते की हाड सरळ जुळलं की वाकडं, ते प्लास्टर कापल्यावरच कळेल, आणि वाकडं असलं तर पुन्हा तोडून बसवावं लागेल. आईच्या जिवाला घोर लागला. आळीत दाणे पाहणारे एक आजोबा होते. सुपातून ज्वारीची मूठ उचलायची, दोन-दोन दाण्यांच्या जोड्या लावायच्या. सगळ्या जोड्या जमल्या तर काम होतं, एक दाणा उरला तर नाही. आईनं त्यांना शुक्रवारी दुपारी बोलावलं. भाऊ झोपला आहे असं समजून बाजेजवळच सूप ठेवलं. आजोबांनी जोड्या लावल्या आणि एक दाणा उरला. ते म्हणाले, "टाइम लागन," आणि दाणा उचलून पटकन सुपात टाकला. आईनं पदर डोळ्यांना लावला.

ते गेल्यावर भावानं मला जवळ बोलावलं. "ताई, एक दाना उरला. म्या पाह्यलं."

"मंग? दान्यानं काय होते, बह्याडा?"

"दाने खोटे हायेत," तो म्हणाला. त्यानं सगळा विचार करून ठेवला होता. "आपन कोल्ह्याचं पाहू. त्याले माय भेटली का जोडी जमली. मंग माहा पाय सिधा."

"आन् नाई भेटली तं?"

"तं उरला एक."

मला हसू आलं. कार्टूनवर कौल लावणारा माणूस जगात दुसरा नसेल. पण त्याच्या हिशेबानं ते पक्कं होतं, कारण मागच्या भागात कासवानं सांगितलं होतं की आता एकच घाट राहिला. आखरी घाट. म्हणजे रविवारी आई मिळणार आणि सोमवारी पाय सरळ निघणार. त्यानं मला बजावलं, "निट पाहजो. सगळं पाहजो." मी हो म्हटलं.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन पुढं बसले. काकूंनी चिंचेचा ढीग ठेवला. मालिका लागली. नाव संथ चाललीय, पिल्लू गप्प बसलंय. कासव म्हणालं, "याद है, पहला घाट?" आणि पडद्यावर पहिला घाट आला. तोच. जसाच्या तसा. जुनाच भाग कापून चिकटवलेला! मी म्हटलं, असू दे, एखादी आठवण. मग दुसरा घाट आला. मग बेडकांचं लग्न. मग त्या नाचणाऱ्या मगरी, पुन्हा! जुन्या लुगड्यांच्या चिंध्या जोडून गोधडी करावी तसा भाग केला होता. हे असं कोण करतं? ज्याच्याकडे नवीन चित्रं काढायला हात नाहीत तो. पोरं काय, येडी असतात, जुनं दाखवलं तरी बसून राहतील, असं ज्याला वाटतं तो. आठवडाभर आम्ही वाट पाहिली, आणि ह्यांनी आम्हाला शिळं वाढलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा भाऊ तिकडं बाजेवर मिनिटं मोजत पडलाय आणि इथं मगरी नाचतायत.

चौथा जुना तुकडा लागला तशी मी मोठ्यानं म्हटलं, "काकू, हे सगळं जुनंच हाय. बोगस भाग हाय. बंद करा."

काकू उठल्या. पेटीच्या पाठीला हात लावला. "तापलाच हाय व माय. पोट्टी खरं सांगून राह्यली. कायले जाळता त्याले." आणि खट्ट.

मागून एक बारकं पोरगं रडवेलं झालं. "अजून हाय न! संपलं नाई!"

"काई नाई हाय आता त्याच्यात," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी दाखवतीन." सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मी म्हटलं म्हणून उठले. कार्टूनमधलं मला कळतं, ही माझी ख्याती मीच करून ठेवली होती.

ओसरीवरून खाली उतरले तेव्हा मला कळलं की आता घरी जायचं आहे. वीस पावलं. भेटली नाही म्हणावं, तर एक दाणा उरला. भाग झालाच नाही म्हणावं, तर तो विचारेल, मग सोमवारचं काय? दारात पोहोचेपर्यंत मी ठरवलं होतं, आई भेटवून टाकायची. त्यात काय अवघड? माझ्याइतकं त्या मालिकेतलं कोणाला ठाऊक होतं?

आणि मी माझा भाग सांगितला. आखरी घाटावर जोरदार पाऊस आला. वीज कडाडली. पिल्लू पाण्यात पडलं. तेवढ्यात आईनं उडी मारली, त्याला काढलं, पोटाशी धरलं. मग दोघांनी एक गाणं म्हटलं. मग मगरी आल्या, माकडं आली, बेडूक आले, आणि सगळे मिळून हसले. माझ्याच्यानं दुसरं काही सुचेना. ज्या ज्या गोष्टीला मी वर्षभर नावं ठेवली, ती ती मी त्या बाजेजवळ बसून सांगितली.

तो ऐकत होता. मधे एकदाही बोलला नाही. संपल्यावर त्यानं विचारलं, "मांगं काय होतं?"

"काई नोतं. नदी होती."

"गवत नोतं?"

"आज नोतं."

"कासव काय म्हनला?"

आता कासवाला काहीतरी बोलायला लावणं भाग होतं. मी आवाज काढून म्हटलं, "बेटा, मां का प्यार सबसे बडा होता है."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तोंड भिंतीकडे वळवलं. "कासव असं नाई बोलत," तो म्हणाला. थोड्या वेळानं भिंतीकडे पाहतच म्हणाला, "माय नाई भेटली न, ताई? म्हून तू बनवलं."

"भेटली! गळ्याची शप्पथ, भेटली!"

"बरं," तो म्हणाला.

मला त्याचा इतका राग आला. एवढी मेहनत करून आई भेटवून दिली आणि हा निकाल देतोय! पण त्याचा निकाल बरोबर होता. त्याला भाग बोगस वाटला, आणि तो होताच. दिवसभर मी त्याच्या बाजेकडे गेले नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीनं आई-बाबा त्याला वर्ध्याला घेऊन गेले. मी शाळेत गेले. गणिताच्या तासाला मास्तरांनी दोनदा उभं केलं. संध्याकाळी मी बसस्टँडवर जाऊन थांबले. गाडी आली, बाबा उतरले, खांद्यावर भाऊ. पाय काडीसारखा झालेला, कातडी पांढरी फटक, पण सरळ. सरळ! मी ओरडलेच. घरी येताच आईनं गूळ-फुटाणे वाटले. सगळी आळी गोळा झाली. काकूंनी पायाला हात लावून पाहिला, टीव्हीला लावतात तसाच.

आई सगळ्यांना कौतुकानं सांगत होती, "भल्ला धीराचा निंगाला, बाई. ते कापाचं मशीन केवढं आवाज करते, बाकी पोट्टे बोंबलून राह्यले, अन् हा डोये मिटून चूप. डॉक्टरले म्हने कसा, वाकडा असन तं तसाच राहू द्या, पुन्हा नोका तोडू." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

लोक गेल्यावर त्यानं मला हाक मारली. बाजेवर उशीला टेकून बसला होता, मांडीवर फुटाण्यांचा कागद. "बस," म्हणाला. "तुले कालचा भाग सांगतो."

"तू कुठं पाह्यला?"

दवाखान्यात समुद्रपूरची एक पोरगी होती, हात गळ्यात बांधलेली. तिनं वर्ध्यातल्या मामाकडे पाहिला होता. रंगीत टीव्हीवर. पूर्ण.

मग त्यानं सांगितलं. तेच सगळे जुने घाट होते. पण दर वेळी चित्र थोडं पुढं सरकायचं, पिल्लाला सोडून, नावेला सोडून, मागच्या गवतापर्यंत. आणि गवतात दोन डोळे. पहिल्या घाटावर होते. बेडकांच्या लग्नात होते. मगरी नाचत होत्या तेव्हाही, तिथंच, मगरींच्या मागं. पिल्लाची आई पहिल्या दिवसापासून काठाकाठानं येत होती. नाव थांबली की ती पोहोचायची, आणि ती पोहोचली की कासव म्हणायचं, आगे चलो, आणि नाव निघायची. आमच्या पडद्यावर मुंग्या होत्या, आमच्या हातात चिंचा होत्या, आणि ते डोळे आम्हाला एकदाही दिसले नव्हते. मागं काय होतं हे तो बाजेवर पडून विचारायचा, तेवढंच.

"मंग आखरीले," तो म्हणाला, "कासवानं वल्हं ठेवलं. आगे चलो नाई म्हनला. म्हनला, पीछे देखो."

"मंग?"

"मंग पिल्लानं मांगं पाह्यलं. माय पान्यात उभी होती. बस. संपलं."

कोणी रडलं नाही, कोणी गायलं नाही, कोणी हसलं नाही. त्याच्याइतका चांगला मला तो भाग सांगता आला नसता. काकूंनी खट्ट केल्यावर किती मिनिटं राहिली असतील, पाच, सहा? आणि काकूंना कशाला बोल लावायचा? त्या बिचाऱ्या पेटीला हात लावत होत्या. बंद करा मी म्हटलं होतं. मला वाटलं तो आता म्हणेल, तू खोटं सांगितलं, गळ्याची शपथ घेतली. तो फुटाणे खात राहिला. पाय सरळ निघाला होता, जोडी जमली होती, त्याचं त्याला पुरेसं होतं.

मग मला आईनं मघाशी सांगितलेलं त्याचं बोलणं आठवलं, वाकडा असन तं तसाच राहू द्या, ज्याला मी सगळ्यांबरोबर हसले होते.

"त्या पोरीनं तुले हे कवा सांगतलं?" मी विचारलं. "प्लास्टर कापाच्या अगोदर, का नंतर?"

"नंतर," तो म्हणाला, आणि कागदातले अर्धे फुटाणे माझ्या ओंजळीत ओतले.